मदत हवी आहे : बुटकी स्पोर्ट्स कार घरच्या अंगणात सुरक्षितपणे कशी उचलावी?

नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गेल्या वर्षी मी २०११ सालची बीएमडब्ल्यू झेड४ जुन्या बाजारातून घेतली. तेल आणि ऑइल फिल्टर बदलणे, ब्रेक पॅड तपासणे आणि पावसाळा सरला की गाडीचा तळ धुऊन नीट पाहणे, एवढी कामे स्वतः करावीत अशी माझी इच्छा आहे. आधीची मारुती मी बारा वर्षे घरीच सांभाळली, त्यामुळे पान्यांची सवय आहे. मात्र ही गाडी उचलायची म्हटली की हात थबकतो आणि त्याला कारण घडले आहे.

गेल्या महिन्यात एका टायरच्या दुकानात कारागिराने दाराखालच्या पट्टीला बाटली जॅक लावला. या गाडीला जॅक लावण्यासाठी तळाशी चार कोपऱ्यांत चार पॅड दिलेले आहेत. त्याने मात्र पॅडपासून वीतभर अंतरावर जॅक टेकवला. चाक जमिनीवरून सुटताच पट्टी आत दबली, जॅक कलला आणि गाडी खाली बसली. जॅक कलू लागला तेव्हा त्याचा हात चाकाच्या कमानीत होता. गाडी बसण्याच्या क्षणभर आधी तो मागे सरला म्हणून वाचला. पट्टीचा पोचा अजून तसाच आहे, पण मला राहून राहून आठवतो तो त्याचा हात.

गाडीसोबत जॅक किंवा स्टेपनी येत नाही, कारण तिचे टायर हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, म्हणजे रन-फ्लॅट आहेत. माझ्या जुन्या ट्रॉली (चाकांच्या) जॅकची खाली बसलेली उंची १४ सेंटिमीटर असल्यामुळे तो पुढच्या बाजूने आतच जात नाही. त्यामुळे ८ सेंटिमीटरपर्यंत खाली बसणारा नवा जॅक घ्यावा, की दोन इंच जाडीच्या फळ्यांवर गाडी चढवून जुनाच वापरावा, हे ठरत नाही.

माझी खरी अडचण याच्या पुढची आहे. पुस्तिकेत दाखवलेल्या चारच जागी जॅक लावायचा, हे मान्य. पण त्याच जागी जॅक असेल, तर जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारा पायांचा आधार, कुठे टेकवायचा? केवळ जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली जाणार नाही. आतले एखादे सील गेले की तेल सुटते आणि जॅक खाली येतो, हे मला ठाऊक आहे. पुढच्या उपचौकटीखाली (इंजिन आणि चाकांची जोडणी पेलणारी चौकट) किंवा मागच्या डिफरन्शियलखाली (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारी गिअरपेटी) जॅक लावून दोन्ही बाजूंना स्टँड द्यावेत, असे काही जण सुचवतात. डिफरन्शियलच्या कवचावर भार देण्यास माझे मन तयार होत नाही.

जमिनीविषयीही सांगितले पाहिजे. अंगणात शहाबादी फरशी असून पाणी वाहून जावे म्हणून फाटकाकडे उतार ठेवलेला आहे, दहा फुटांत साधारण तीन इंच. शेडखाली जमीन सपाट आहे, पण तिथे वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक आहेत. या दोहोंपैकी कोणती जागा निवडावी? ज्यांनी अशी गाडी घरी उचलली आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

नमस्कार. आपण विचारून मगच हात घातलात, हे फार चांगले केलेत. प्रथम जागेविषयी लिहितो. उतारावर गाडी उचलू नये, शेडच घ्यावी. पेव्हर ब्लॉकवर मात्र स्टँडचे पाय थेट ठेवू नयेत. गाडी सुमारे १,५०० किलोची धरली आणि तिचे वजन पुढे-मागे जवळपास सारखे विभागलेले असले, तर एका कोपऱ्यावर पावणेचारशे किलोंच्या आसपास भार येतो, आणि तो स्टँडच्या चार टोकांतून खाली उतरतो. त्याखाली दोन फूट बाय दोन फूट, किमान १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घाला.

आता जॅक का निसटतो, ते पाहा. गाडीचे एक टोक वर जाताना ती दुसऱ्या चाकांभोवती कमानीत फिरते, त्यामुळे जॅकला लावलेली जागा थोडी आडवीही सरकते. जॅकची चाके त्याबरोबर सरकू शकली, तर काही बिघडत नाही. ती फरशीच्या सांध्यात किंवा मऊ जमिनीत अडकली, तर जॅकचे डोके गाडीच्या तळावरून घसरू लागते. म्हणूनच जॅकच्या चाकांखालची जागा गुळगुळीत व कठीण हवी आणि उचलताना दर दोन-तीन इंचांनी थांबून डोके बसले आहे की नाही, हे पाहावे. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून पॅडच्या खाचेत नेमकी बसेल अशी कठीण रबराची किंवा नायलॉनची चकती कापून घ्या, म्हणजे जॅकचे डोके सहज घसरणार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आपली गाडी मागच्या चाकांवर चालते. गिअर 'पी'मध्ये असला, तरी मागचे एकच चाक उचलले, की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे चाक फिरू शकते, कारण उचललेले चाक उलट दिशेने फिरून त्याला वाट देते. त्यामुळे पार्किंग ब्रेक लावाच, शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. मागची दोन्ही चाके उचलली, तर मागच्याच चाकांवर लागणारा पार्किंग ब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी ठरतात. मग गाडीला धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे.

स्टँडच्या अडचणीवर मला पटलेला उपाय असा. तेल बदलण्यासाठी चाके काढावी लागत नाहीत, म्हणून स्टँडच नको. वखारीतून बाभळीचे ठोकळे आणा आणि आडवे-उभे रचून, खिळ्यांनी जोडून टायरपेक्षा रुंद असे चार ओटे करा. पॅडवर जॅक लावून एक चाक उचला, ओटा टायरखाली सरकवा, गाडी त्यावर उतरवा, मग दुसऱ्या कोपऱ्याकडे जा. गाडी आपल्याच टायरांवर उभी राहते आणि चारही पॅड मोकळे राहतात. एकदम पूर्ण उंची गाठू नका. चारही कोपरे थोडे थोडे वर न्या. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात वापरू नका, ते कोणतीही सूचना न देता फुटतात.

ब्रेकच्या कामाला चाक काढावेच लागेल. तेव्हा गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल करा, एकाच वेळी एकच कोपरा उचला, अंग गाडीखाली नेऊ नका आणि काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवा. जॅक बसलाच तर गाडी त्या चाकावर थांबेल. गाडी उचललेली असताना तिचे घडीचे छप्पर उघडू नये. नवा कमी उंचीचा जॅक घ्याच, फळ्यांची दररोजची कसरत कंटाळवाणी होते आणि कंटाळलेला माणूस एखादी पायरी गाळतो.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. ओट्यांची कल्पना मला सुचलीच नव्हती. रविवारी लाकूड पाहायला जातो. एकच विचारतो : एका ओट्याची उंची सहा इंच ठेवली, तर तेलाचा बोल्ट काढण्यापुरती जागा मिळेल का, की आठ इंच करावी?