हॉलमध्ये रंगीत पानांची झाडं ठेवायची आहेत, पण रंग टिकत नाही

अबोली:
हॉलच्या भिंती पांढऱ्या, सोफा राखाडी, त्यामुळे रंग आणायचा तो झाडांनीच असं ठरवलंय. फुलं चार दिवस राहतात, म्हणून पानंच रंगीत हवीत. लाल-पिवळा क्रोटन आणला होता, अगदी भरगच्च. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला. आधी खालची पानं गळली आणि आता नवीन येतायत ती नुसती हिरवी. खिडकी पूर्वेची, कोपरा तिच्यापासून दहा-बारा फूट. घरात मांजर आहे आणि तिला पानं चावायची सवय आहे. दुसरं कोणतं झाड आणू आणि कुठे ठेवू?

रानवाट:
लाल अग्लोनिमा बघा. कमी उजेडात चालतो, पाणीही कमी लागतं. क्रोटनला थोडं खत घालून बघा.

पानपसारा:
अबोलीताई, खत सध्या नको. तुमच्या क्रोटनला भूक नाही, उजेडाची टंचाई आहे. जागा बदलली की क्रोटन पानं गाळतोच, त्याचं फार मनावर घेऊ नका. नवीन पानं हिरवी येणं मात्र महत्त्वाचं. उजेड कमी पडला की झाडाला हरितद्रव्य जास्त लागतं आणि लाल-पिवळा रंग मागे पडतो. म्हणून मी नेहमी सांगतो, रंग सोफ्याकडे बघून निवडू नका, खिडकीकडे बघून निवडा.

सकाळी दहाच्या सुमारास त्या कोपऱ्यात पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड भरपूर. हाताचा आकार कळतो पण कड पुसट, तर मध्यम. सावली जवळजवळ पडतच नसेल तर तिथे कोणताही लाल रंग टिकणार नाही. दहा-बारा फुटांवर बहुधा हेच दिसेल. खिडकीपासून लांब गेलं की उजेड झपाट्याने कमी होतो, आपले डोळे सरावतात म्हणून ते जाणवत नाही. तो कोपरा एखाद्या छान रंगाच्या कुंडीला आणि साध्या हिरव्या झाडाला द्या. तिथे रंगीत पानंच हवी असतील तर झाडाच्या वर फूट-दीड फुटावर पांढरा एलईडी लावून तो रोज दहा-बारा तास चालू ठेवावा लागेल.

रानवाट, अग्लोनिमा सुंदरच आहे, पण एक तर लाल जातींना हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो, आणि दुसरं म्हणजे या घरात मांजर आहे. अग्लोनिमा, डायफेनबेकिया, कॅलेडियम, अँथुरियम, फिलोडेंड्रॉन या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. क्रोटनचा चीकही बाधतो. चावऱ्या मांजरीच्या घरात ही झाडं नकोतच.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती मरांटा. लाल शिरांची जात घ्या: मखमली हिरवं पान, मधोमध पोपटी पट्टा, आणि त्यातून कुंचल्याने ओढल्यासारख्या लाल रेषा. संध्याकाळी पानं उभी होतात, सकाळी पुन्हा पसरतात. देठ पानाला मिळतो तिथे एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पाण्याचा दाब बदलतो आणि पान हलतं. खिडकीपासून तीन-चार फुटांवर ठेवा, भर उन्हात नको. मोठं झाड हवं असेल तर स्ट्रोमँथे ट्रायोस्टार. त्याचं खरं सौंदर्य पानाच्या पाठीवर आहे, गडद किरमिजी. म्हणून ते जमिनीवर ठेवू नका, उंच स्टँडवर ठेवा, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर ती पाठ दिसेल. राखाडी सोफ्याशेजारी हा रंग फार उठून दिसतो. टीपॉयसाठी फिटोनिया. तहान लागली की ती साफ मान टाकते, वेळेवर पाणी दिलं की काही तासांत उभी राहते. ही तिन्ही झाडं मांजरांना विषारी नाहीत, तरी पोटभर पानं खाल्ली तर उलटी होऊ शकते.

मरांटा आणि स्ट्रोमँथेची टोकं तपकिरी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे क्षाराचं पाणी. रात्रभर उघडं ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन थोडाफार उडतो, क्षार तसेच राहतात. पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. एसीचा झोत अंगावर नको. पाणी वार ठरवून घालू नका. बोटाचं एक पेर मातीत खुपसा, वरचा थर कोरडा लागला तरच घाला, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.

झाड घेताना पान उलटून बघा. पांढरा कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळं आणि ठिपके म्हणजे लाल कोळी. असं झाड बाकीच्या झाडांत आणू नका. आणि सर्वात नवीन पान कोणत्या रंगाचं आहे ते बघा, जुनी पानं दुसऱ्या कुठल्या उजेडात रंगलेली असतात.

ओंजळ:
स्ट्रोमँथेबद्दल एक भर. त्याला कधीकधी पूर्ण हिरवा फुटवा येतो. तो जोमाने वाढतो आणि रंगीत फुटव्यांना मागे टाकतो. दिसला की बुडापासून काढा. उलट पूर्ण पांढऱ्या पानांत हरितद्रव्य जवळजवळ नसतं, ती लवकर करपतात.

अबोली:
कागद ठेवून पाहिला, कोपऱ्यात सावली दिसतच नाही. खिडकीपाशी चांगली रेखीव पडते. मरांटा आणि स्ट्रोमँथे नक्की. क्रोटनचं काय करू? बाल्कनी आहे, सकाळचं ऊन येतं आणि तिकडे मांजर जात नाही.

पानपसारा:
मग तो बाल्कनीतच छान होईल. एकदम उन्हात नको, पानं भाजतील. आधी सावलीच्या बाजूला ठेवा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पुढे सरकवा. उघडी पडलेली फांदी तिच्यावरच्या डोळ्याच्या (जिथून फुटवा येतो त्या जागेच्या) जरा वर छाटा, खालून नवे फुटवे येतील. हातमोजे घाला, चीक कपड्यांवर पडला तर डाग जात नाही. छाटलेले तुकडे लगेच उचला, मांजरीच्या तोंडी लागायला नकोत. आता आहेत ती हिरवी पानं फारशी रंगणार नाहीत, नवी येतील त्यांच्याकडे लक्ष ठेवा.