मेंदूच्या एमआरआयमध्ये डीव्हीएशेजारी (शिरांची जन्मजात वेगळी रचना) फ्लेअरवर (पाण्याचा सिग्नल दाबणारी इमेज) पांढरा पट्टा: रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

रेसिडेंट_नाशिकरोड: ३४ वर्षांच्या बाई, जुनी डोकेदुखी, १.५ टेस्ला. एसडब्ल्यूआयवर (शिरा आणि रक्त ठळक दाखवणारी इमेज) उजव्या फ्रंटल लोबमध्ये डीव्हीए, शेजारच्या व्हाइट मॅटरमध्ये फ्लेअरवर दीड सेंटिमीटरचा धूसर पांढरा पट्टा. डिफ्युजन (पाण्याची हालचाल दाखवणारी इमेज) स्वच्छ. लो ग्रेड ग्लायोमा (हळू वाढणारी मेंदूतली गाठ) कसा वगळायचा? पेशंट सुरगाण्याहून आलीय, पुन्हा बोलावणं जड जाईल.

न्यूरोरेडिओ: मग टेबलावरून उतरायच्या आतच कॉन्ट्रास्ट द्या. ईजीएफआर (किडनीचं काम मोजणारी तपासणी) बघून ०.१ मिलिमोल प्रति किलो, ०.५ मोलरचं औषध असेल तर ६० किलोला १२ मिली. त्यानंतर १ मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन. छत्रीच्या काड्यांसारख्या शिरा एका दांड्याला मिळताना दिसतील. पट्टा त्या काड्यांच्याच टापूत बसतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. ग्लायोमा हा टापू पाळत नाही. कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) जाड करतो, सल्काय (त्यावरच्या खाचा) दाबतो. डीव्हीएच्या पट्ट्यात सूज नसते, उलट तिथला मेंदू किंचित आटलेलाही असतो. मोठा दांडा सायनसला (मेंदूचं रक्त गोळा करणारी मोठी वाहिनी) मिळतो तिथे अरुंद असला की मागे दाब साठतो आणि मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) हळूहळू विरळ होतं, असं मानलं जातं. असा बदल साधारण दहात एका डीव्हीएपाशी सापडतो, त्यामुळे घाबरू नका.

एमआर_टेक: परफ्युजनवर (रक्तपुरवठा मोजणारी इमेज) फसू नका. डीव्हीएपाशी सीबीव्ही (त्या भागातल्या रक्ताचं प्रमाण) मुळातच वाढलेला असतो, तेवढ्यावरून हाय ग्रेड गाठ लिहिलं तर बाईंची विनाकारण बायोप्सी होईल. एसडब्ल्यूआयवर काळा ठिपका असेल तर त्याचीच फेज इमेज उघडा. कॅल्शियम आणि रक्त तिथे उलट रंगाचे दिसतात, पण कोणता रंग कशाचा हे मशीनगणिक बदलतं. त्याच पेशंटच्या इंटर्नल सेरेब्रल व्हेनशी (मेंदूच्या मध्यातली शीर) ताडा: तिच्या रंगाचा ठिपका म्हणजे रक्त, मग कॅव्हर्नोमा (रक्तवाहिन्यांचा गुच्छ) शोधा.

रेसिडेंट_नाशिकरोड: कॉन्ट्रास्ट दिला. पट्टा टापूतच आहे, ठिपका नाही. तातडीचं कधी समजायचं?

न्यूरोरेडिओ: अचानक फिट किंवा नवी, वाढती डोकेदुखी, टी-वनवर दांडाच पांढरा, कॉन्ट्रास्टमध्ये तो भरत नाही, भोवती सूज. ही डीव्हीएतली गुठळी, त्याच दिवशी फोन करून कळवा. तुमच्या केसमध्ये यातलं काही नाही. रिपोर्टमध्ये 'डीव्हीएच्या निचऱ्याच्या क्षेत्रातला सिग्नल बदल, मास इफेक्ट नाही' असं लिहा आणि 'ही शीर निरोगी मेंदूचं रक्त वाहून नेते' हे वाक्य आवर्जून घाला. कुणी ती बांधली किंवा काढली तर व्हीनस इन्फार्क्ट (रक्त बाहेर न वाहिल्याने मेंदूचा भाग मरणं) होऊ शकतो.