काम होत नाही, पण टक्के भरत नाहीत : तुमचे अनुभव सांगा

दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निराधार योजनेचा महिन्याचा पगार यांच्यामागे धावलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. माझं निरीक्षण आधी मांडते. आपण सिव्हिलला जाऊन सांगतो, "साहेब, आता काम होत नाही." तिथलं डॉक्टरांचं बोर्ड ते मोजत नाही. बोर्ड हात-पाय मोजतं, नजर मोजतं आणि टक्का लिहितं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 40 टक्क्यांच्या आत असाल तर कार्ड पांढरं, 40पासून पिवळं, 80पासून निळं. बहुतेक योजनांचं दार पिवळ्यापाशी उघडतं. तुमचं कुठं अडलं, कसं सुटलं, ते लिहा. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

ट्रकवाला, सोलापूर जिल्हा
कमानपाटा बदलताना तुकडा उडाला, उजवा डोळा गेला. डावा शाबूत आहे. मालकानं त्याच महिन्यात गाडी काढून घेतली. बोर्डानं 30 टक्के लिहिले. मी म्हटलं, अहो साहेब, माझं तर सगळंच गेलं. त्यांनी तक्ता पुढं सरकवला. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला की 30च. डॉक्टर माणूस चांगला होता, त्याच्यावर राग नाही. पण पांढरं कार्ड घेऊन करायचं काय?

नाशिकहून एक ताई
नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. ज्या दिवशी मशिनवर असतात तो दिवस जातोच, दुसऱ्या दिवशीही उठवत नाही. उपचार जनआरोग्य योजनेत होतात, तेवढा आधार. पण त्या 21 प्रकारांत किडनी नाही, कॅन्सरही नाही, म्हणजे प्रमाणपत्राचा विषयच संपला. तहसीलमधल्या एका कारकुनानं वाट दाखवली. संजय गांधी निराधार योजनेत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग अशा दुर्धर आजारामुळे पोट भरू न शकणारेही बसतात, वय 18 ते 65. नियमात कमाईचा विचार केलेला मी तेवढाच पाहिला. आता उत्पन्नाचं ऐका. दिव्यांगांना वर्षाला 50,000ची मर्यादा, आजारवाल्यांना 21,000. म्हणजे महिन्याला 1,750. मी चार घरची धुणीभांडी करते, त्यातच ती ओलांडते. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "ताई, खरं लिहिलं तर बसत नाही." अर्ज अजून समितीपुढं आहे.

भावाची बहीण, पुणे
भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तिथं मोजपट्टी वेगळी. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, असं चार अंगांनी बघतात, शिवाय आजार किती वर्षांचा तेही. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? दादा ताठ बसून म्हणाला, "मॅनेजर आहे." कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. आईनं पिशवीतून वही काढली. कधी अंघोळ केली, कधी न सांगता निघून गेला, किती दिवस कुणाशी बोलला नाही, सगळं तारीखवार. डॉक्टरांनी सावकाश पानं उलटली. 55 टक्के मिळाले, पण तात्पुरते. मुदत संपली की पुन्हा बोर्ड. अशा घरातल्यांनी वही ठेवाच.

कनिष्ठ लिपिक (नाव नको)
नोकरीत असताना नजर गेली. कार्यालयातून सल्ला आला, स्वेच्छानिवृत्ती घ्या. घेऊ नका! त्याच 2016च्या कायद्याचं कलम 20 वाचा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादाचं पद. मी कलमाची झेरॉक्स अर्जाला जोडली, मग भाषा बदलली.

कंपनी कामगार, चाकण
पीएफ कापला जात असेल तर एवढं लक्षात ठेवा. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ईपीएस पेन्शनला (पीएफसोबतची पेन्शन योजना) दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एक महिन्याची वर्गणीही पुरते. मेडिकल बोर्ड असतंच. एचआरनं मला हे सांगितलं नव्हतं.

धागाकर्ती
ताई, ऑक्टोबर 2025पासून निराधारमधल्या दिव्यांगांना 1,500चे 2,500 झाले, बाकीचे 1,500वरच. म्हणजे टक्क्यांची रेघ आता हजाराचीही झाली.
ट्रकवाले दादा, तुम्हाला ऐकू कसं येतं? दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर एकत्र टक्का काढतात. सरळ बेरीज नसते. 30 आणि 20 असतील तर सूत्रानं 43च्या आसपास येतो, आणि तो पिवळ्यात बसतो. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, काढून घ्या.

ट्रकवाला, सोलापूर जिल्हा
दोन्ही कानांनी कमीच येतं. बायको कधीची ओरडतीय. कानाचा डॉक्टर सिव्हिलला कोणत्या वारी बसतो, कुणाला माहीत आहे का?