शब्दचर्चा : 'रॉजर'ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती :
वैमानिक आणि विमानतळाचा कंट्रोल टॉवर यांच्यात रेडिओवर जे बोलणं होतं त्यावरच्या एका लेखाचं मराठी करतेय. त्यात दर दोन ओळींनी 'रॉजर' येतं. मी सगळीकडे 'हो' लिहून टाकलं, तपासणाऱ्यांनी कुठे 'ठीक आहे' केलं, कुठे 'समजलं' केलं. आता एकाच शब्दाची तीन भाषांतरं झालीत आणि मलाच कळेना नक्की काय ठेवू. आणि हा रॉजर कोण?

प्रतिसाद :
रॉजर कुणी माणूस नाही हो. 'रिसीव्ह्ड'मधला आर. जुन्या अक्षरमालेत आर फॉर रॉजर म्हणायचे. १९५६ ला आत्ताची आंतरराष्ट्रीय अक्षरमाला आली, तिच्यात आरचा रोमिओ झाला, पण तोंडात बसलेला रॉजर काही गेला नाही.

प्रतिसाद :
'हो' मात्र पहिलं काढा, प्लीज. अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याचं, एआयएम म्हणून वैमानिकांसाठीचं मॅन्युअल आहे आणि त्याला जोडून शब्दार्थांची यादीच आहे. त्यात रॉजरचा अर्थ एवढाच दिलाय की तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण मिळालं, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की हो-नाही उत्तर लागतं अशा प्रश्नाला रॉजर म्हणायचं नाही. म्हणजे ऐकलं, बस्स. पटलं का, करणार का, जमणार का, यातलं काहीही त्यात नाही. 'ऐकलं आणि तसं करतो' याला वेगळा शब्द आहे, विल्को. 'हो'ला अफर्मेटिव्ह, 'नाही'ला निगेटिव्ह आणि जमणार नसेल तर सरळ अनेबल.

मी तिकडे अमेरिकेत विमान चालवायला शिकत होतो तेव्हा टॉवरनं विचारलं, धावपट्टी दिसतेय का? मी म्हटलं रॉजर. मला म्हणायचं होतं हो दिसतेय. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरनी लगेच माइक घेऊन नीट उत्तर दिलं आणि उतरल्यावर मला एवढंच विचारलं की तू त्याला काय सांगितलंस? मी सांगितलं होतं 'तुमचा प्रश्न ऐकू आला'. समोरचा माणूस त्या उत्तरावर दुसरं विमान कुठे वळवायचं ते ठरवणार असतो, तिथे हे चालत नाही.

खरं तर आपल्याला हा फरक कळायला अवघड जाऊ नये. फोनवर कुणी बोलत असताना आपण 'हं… हं…' करतो ते रॉजर. 'बरं' म्हटलं की अर्धं रॉजर अर्धं विल्को, म्हणून तेही नको. 'करतो' हे विल्को. 'हो' तर आपण ऐकलं, करतो आणि होकार या तिन्हीला वापरतो, म्हणून तर ते सगळ्यात धोक्याचं. माझं मत : रॉजर = ऐकलं, विल्को = करतो.

प्रतिसाद :
'मिळालं' कसं वाटतं? रिसीव्ह्डच्या जास्त जवळ आहे.

प्रतिसाद :
'मिळालं'नं पार्सल आल्यासारखं वाटतं, 'ऐकलं'च बरं.

धागाकर्ती :
ओके, पटलं. पण मग 'ओके' का नाही चालत? लेखात स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमान अपघाताचा भाग आहे, त्यात कंट्रोलर, म्हणजे टॉवरमधला माणूस, चक्क ओके म्हणतो.

प्रतिसाद :
तिथेच तर सगळं बिघडलं. २७ मार्च १९७७, धुकं, केएलएम या डच कंपनीचं जम्बो धावपट्टीच्या एका टोकाला उभं आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं जम्बो अजून टॅक्सी करतंय, म्हणजे जमिनीवरून हळूहळू पुढे जातंय. केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाचा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, मिळाला, उड्डाणाचा नाही, पण त्या मार्गाच्या वाक्यात 'टेकऑफनंतर उजवीकडे वळा' असं होतं, म्हणजे टेकऑफ हा शब्द कानावर पडलाच. सहवैमानिकानं मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाला 'वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. कंट्रोलरला वाटलं तयार होऊन उभे आहेत, तो म्हणाला ओके, आणि क्षणभरानं म्हणाला थांबा, मी सांगतो. नेमकं त्याच वेळी पॅन अ‍ॅमवालेही बोलले की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एका फ्रीक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो, केएलएमच्या कॉकपिटमध्ये ओके स्वच्छ ऐकू आलं आणि पुढच्या वाक्यावर ती शिट्टी. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर नियमच आला की 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर'. म्हणून तुमच्या भाषांतरात या दोन्हीला 'उड्डाण' करू नका, मी तर टेकऑफ आणि डिपार्चर तसेच ठेवीन.

प्रतिसाद :
शब्दांचा क्रमसुद्धा घात करतो. अमेरिकेत पूर्वी धावपट्टीवर येऊन थांबा याला 'पोझिशन अँड होल्ड' म्हणायचे आणि बाकी जगात 'होल्ड पोझिशन' म्हणजे आहात तिथेच थांबा, पुढे येऊ नका. तेच दोन शब्द, अर्थ उलटा. ३० सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेनंही 'लाइन अप अँड वेट' घेतलं.

प्रतिसाद :
यावरून आठवलं, 'प्रायॉरिटी'चं काय करणार? जानेवारी १९९० मध्ये आव्हियान्का या कोलंबियाच्या कंपनीचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. ते प्रायॉरिटी मागत होते, इंधन संपत आलंय असंही सांगत होते, पण 'इमर्जन्सी' हा शब्द किंवा मेडे ही संकटाची ठरलेली हाक रेडिओवर कधी गेलाच नाही. सांगणाऱ्याला वाटत असणार आपण सगळं सांगितलं, ऐकणाऱ्यासाठी ती रांगेतल्या अनेकांपैकी एकाची विनंती. मला हे वाचून फार वाईट वाटतं, कारण संकोचानं 'जरा अडचण आहे' म्हणणारी माणसं आपण रोज बघतो. तेव्हा 'प्रायॉरिटी'ला 'तातडी' करू नका, 'प्राधान्य' हा मवाळ शब्दच बरोबर आहे, तो मवाळ होता हेच तर वाचकाला कळायला हवं.

प्रतिसाद :
+१. आणि याच्या उलट बाजूही त्याच एआयएममध्ये आहे बरं का, ठरलेले थोडके शब्द पुरे पडत नसतील तर लागतील ते शब्द वापरा पण समोरच्याला कळू द्या, असं लिहिलंय. शब्द चुकेल या भीतीनं गप्प राहणं त्यांना नकोय.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार, 'ऐकलं', 'करतो', 'प्राधान्य' असं केलंय. एकच अडलंय, ते 'वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ' कसं लिहू? 'टेकऑफसाठी तयार आहोत' लिहिलं तर एक अर्थ, 'टेकऑफ करतोय' लिहिलं तर दुसरा.

प्रतिसाद :
'आम्ही आता टेकऑफला आहोत.' मोठ्यानं म्हणून बघा, मराठीतही दोन्ही अर्थ निघतात.