कन्नड घाटात लेटरबॉक्स ठेवावा की नाही?

चाळीसगावकर (धागाकर्ता):
चाळीसगावहून संभाजीनगरकडे जाताना कन्नड घाटात कठड्यापाशी गाडी थांबवली नाही असा माणूस विरळाच. खाली पाटणादेवीचं जंगल, त्यापुढे पसरलेला आपला खान्देश. पण लोक फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात आणि निघतात. या थांब्याजवळ एक लेटरबॉक्स (टपालपेटी नव्हे, कोडं सोडवून शोधायचा लपवलेला डबा) असावा असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत गेलेल्याने आपलं कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक पत्रं ठेवू लागले आणि मागून येणारा ती नेऊन टपालात टाकू लागला. आता डब्यात रबरी शिक्का आणि वही असते. डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का त्या वहीत मारायचा आणि डबा होता तसा लपवून ठेवायचा. जागा मात्र कोडं सोडवूनच सापडते.

आपल्याकडचं कोडं गणिताचंच हवं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने पाटणादेवीजवळच्या पाटणला मठ काढला होता, तसा तिथला शिलालेख सांगतो. त्या डोंगराच्या माथ्यावर पावलं मोजत, बेरीज-वजाबाकी करत पोरं डबा शोधतायत, याहून चांगलं काय?

घाटातला ड्रायव्हर:
दादा, तुम्ही म्हणतस ते खरं शे, पण हा घाट तुम्ही स्टिअरिंगवरून बघा. वळणं अरुंद, वरून येणाऱ्याला खालचा दिसत नाही, पावसाळ्यात धुकं. ऑगस्ट 2021 मध्ये दरडी कोसळून रस्ता किती दिवस बंद होता, आठवतं ना? 2023 मध्ये जड वाहनांना बंदी घालायची वेळ कोर्टावर आली. आताच झरे सुरू झाले की लोक दोन्ही बाजूंना गाड्या लावतात. त्यात मान खाली घालून पावलं मोजणारी पोरं? माझा ठाम नकार.

वनवेडा, पाचोरा:
माझा विरोध दुसऱ्या कारणासाठी. हा घाट गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातून जातो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हमरस्त्याने जाणाऱ्याला मोकळीक आहे, पण रस्ता सोडून आत शिरायला परवाना लागतो. कचरा टाकायलाही बंदी आहे. प्लॅस्टिकचा डबा, पिशवीत गुंडाळलेली वही दगडाखाली ठेवली तर वनरक्षकाच्या लेखी तो कचराच. शिवाय घाटातली माकडं! माणूस हातात काय धरतो त्यावर त्यांची नजर असते. डबा दुसऱ्या दिवशी दरीत. आणि दगड उचकटताना खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, निघालं तर?

चित्रकला शिक्षिका, धुळे:
विरोध समजला, तरी मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. शिक्का घरी करता येतो, हे इथे कुणी बोललंच नाही. मोठं खोडरबर घ्यायचं, पेन्सिलीने चित्र काढायचं, नको तो भाग कोरणीने अलगद काढायचा. अक्षरं उलटी कोरावी लागतात. मुलं पहिल्यांदा हमखास सरळ कोरतात, मग ठसा उलटा उमटला की वर्गभर हशा. केळीचा घड, कापसाचं बोंड, बहिणाबाईंचं जातं, कितीतरी शिक्के होतील! मुलांनी आपला जिल्हा असा पाहावा असं मला फार वाटतं. घाट अडचणीचा असेल तर लळिंग किल्ला आहे, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच.

वनवेडा, पाचोरा:
ताई, किल्ल्यात तर मुळीच नको. डार्टमूरवाल्यांचाच नियम आहे की पुरातन अवशेषांत, दगडी भिंतींत, पडक्या बांधकामात डबा ठेवायचा नाही. एकाने चिरा हलवला की पुढचा दहा हलवतो.

इंजिनिअर, भुसावळ:
डबा हवाच कशाला? कठड्यावर क्यूआर कोड लावा, मोबाइलमध्ये डिजिटल शिक्का घ्या. जीपीएसवरून डबे शोधायचा खेळही 2000 पासून आहे. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. माकडं नाहीत, कचरा नाही.

चाळीसगावकर (धागाकर्ता):
घाटात मोबाइलला रेंज कुठे टिकते? आणि आधी कोण येऊन गेलं ते त्याने हाताने कोरलेल्या शिक्क्याच्या ठशातून कळतं, त्याची सर स्क्रीनला येत नाही. डबा हवाच.

जागेबद्दल सांगतो. अभयारण्याच्या हद्दीत आणि वळणावर ठेवायचा नाही, हे मला मान्य. घाट उतरल्यावर चाळीसगावच्या बाजूला हद्दीबाहेरचा एखादा ढाबा बघू. गाडी लावायला आवार असतं, शेवभाजी होईपर्यंत वेळही असतो. मालकाची परवानगी घेऊन आवारातच कुठेतरी लपवू. कोडं मात्र घाटावरूनच सुरू होईल. गाडीत बसल्या बसल्या मैलाचे दगड वाचत उत्तर काढायचं.

घाटातला ड्रायव्हर:
चालवणाऱ्याने वाचायचं नाही, हे कोड्याच्या पहिल्या ओळीत लिहा. आणि डब्यावर बाहेरून ठळक मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहून मालकाचा नंबर टाका. बेवारस डबा दिसला की पोलिसांना फोन जातो, मग आख्खा ढाबा रिकामा करतील.

वनवेडा, पाचोरा:
ढाब्याला माझी हरकत नाही. पण एप्रिल-मेच्या उन्हात शाईचं पॅड पार कोरडं पडेल, पावसाळ्यात वहीला बुरशी येईल. दर महिन्याला कोण बघणार, त्याचं नाव आधी ठरवा. नाव ठरलं नाही तर डबा ठेवू नका.

चित्रकला शिक्षिका, धुळे:
शाई आणि वही माझ्याकडे. पहिला शिक्का आमच्या सातवीच्या वर्गाचा. महिन्याची फेरी चाळीसगावातल्या कुणीतरी घ्यावी, धुळ्याहून मला जमणार नाही.