मदत हवी आहे: लिव्हरचा रिपोर्ट, अल्बुमिन कमी. घाई आहे

तासगावकर_७
मिसेसचा रिपोर्ट आलाय. अल्बुमिन २.९, अल्कलाइन फॉस्फेटेज ३१२, दोन्हीपुढे लाल खूण. डॉक्टर परवा भेटणार. लिव्हर गेलं का? नेटवर वाचून डोकं फिरलंय. लेक्चर नको, सरळ सांगा.

कृष्णाकाठची
गरोदर आहेत का? कितवा महिना? लिहिलंच नाही तुम्ही.

तासगावकर_७
आहे म्हणून तर गरोदरपणाच्या विभागात टाकलं ना. आठवा.

मिरजेचा_लॅबवाला
मग लाल खुणेवर जाऊ नका. कागदावरची रेंज गरोदर नसलेल्यांची असते. दिवस गेले की रक्तातलं पाणी वाढतं, अल्बुमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन पातळ होतं. फॉस्फेटेज तर बाळाच्या वारेतूनही येतं, शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट दिसतंच. एसजीपीटी किती, लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम? बीपी, प्लेटलेट? आणि टेस्ट मुळात कशासाठी सांगितली?

विट्याच्या_काकू
आमच्या जावेला अस्संच झालेलं. काविळीचा पाला दिला तीन दिवस, तेल-मीठ बंद. खडखडीत बरी.

कृष्णाकाठची
काकू, पोटात बाळ असताना पाला? आणि कावीळ आहे म्हटलंय कुणी?

विट्याच्या_काकू
तुम्हा शिकलेल्यांना आमचं सगळंच खोटं. त्याच वेळचा पोरगा आता दहावीला आहे तिचा.

बेदाणा_अड्डा
तासगावचे ना? सौद्याला काय दर निघाला या आठवड्यात?

तासगावकर_७
दर गेला खड्ड्यात. एसजीपीटी १४६, बिलिरुबिन ०.९, बीपी ११०/७०, प्लेटलेट २.१ लाख. तळहात-तळपाय खाजतात, रात्र रात्र झोप नाही, म्हणून टेस्ट केली. पुरळ नाही. आई म्हणते उष्णता, खोबरेल चोळतेय.

मिरजेचा_लॅबवाला
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ज्याला तुम्ही घाबरलात ते दोन्ही आकडे साधे. खरा आकडा एसजीपीटीचा, तो गरोदरपणात आपोआप चढत नाही. बीपी-प्लेटलेट ठीक आहेत, ते बरं. पण रात्रीची अशी खाज म्हणजे लिव्हरमध्ये पित्त तुंबल्याची शंका, बिलिरुबिन नॉर्मल असलं तरी. बाइल ॲसिड, म्हणजे रक्तात उतरलेल्या पित्ताची टेस्ट, करायला सांगतील. ४० पुढे गेलं तर जास्त लक्ष ठेवतात, १०० पुढे पोटातल्या बाळाला धोका वाढतो, मग डिलिव्हरी आधीच करतात. हिपॅटायटिस पण बघून घ्या, ई सकट. परवा कशाला, आत्ता फोन लावा.

प्रोटीनवाला_पीएचडी
बाइल ॲसिडपेक्षा ऑटोटॅक्सिन हे रक्तातलं एन्झाइम बघा. खाजेशी त्याचाच जास्त संबंध सापडलाय.

मिरजेचा_लॅबवाला
सर, ते संशोधनात. आमच्याकडे बाइल ॲसिडचंच सँपल बाहेरगावी जातं, ऑटोटॅक्सिन कुठून आणू?

तासगावकर_७
फोन केला. डॉक्टर आजच या म्हणाल्या. बाळ फिरतंय का विचारलं, ही म्हणते फिरतंय. टेस्ट उपाशीपोटी लागते का? आत्ताच भाकरी खाल्लीये हिने.

मिरजेचा_लॅबवाला
खाल्लेलं चालतं, फक्त तिथे तसं सांगा. निघा. जुने रिपोर्ट घ्या.

बेदाणा_अड्डा
सॉरी दादा, आधी वाचलं नव्हतं.