पुण्यात शाळांच्या दहावीच्या निकालात इतका फरक का?

मयुरा_पुणे:
मुलगी चौथीत आहे, पाचवीला शाळा बदलायचीय. घराजवळ दोन शाळा, एकीच्या गेटवर १०० टक्के निकालाचा भला मोठा फ्लेक्स, दुसरीचा ८४ च्या आसपास. दोन्ही सेमी, दोन्ही स्टेट बोर्ड, पुस्तकं तीच बालभारतीची, पेपरही तोच, मग एवढा फरक पडतो कसा? सासूबाई म्हणतात डोळे झाकून १०० वाली घे.

गणिताच्या_बाई:
२६ वर्षं नववी-दहावीला शिकवलंय म्हणून सांगते. फ्लेक्सवर फक्त दहावीला बसलेल्यांपैकी किती पास तेवढं असतं. नववीत किती होते ते विचारा. काही ठिकाणी नववीतल्या कच्च्या पोरांच्या हातात दाखला देतात आणि १७ नंबरचा फॉर्म भर म्हणतात, की झाला तो बाहेरून बसणारा, शाळेच्या टक्केवारीत येतच नाही. मी अशा एका शाळेत होते, दाखला न्यायला आलेल्या आया अजून आठवतात. आणि पास म्हणजे ३५ हो. ७५ च्या वर, प्रावीण्यात किती मुलं आहेत ते बघा.

खरडवही:
बाईंना +१. पोरं कुठली येतात हेही बघा ना. ज्ञानप्रबोधिनी पाचवीलाच परीक्षा घेऊन मुलं निवडते आणि रात्रशाळेतला पोरगा दिवसभर दुकानात राबून येतो, यांचे निकाल शेजारी ठेवून काय कळणार? माझ्या पोराच्या वर्गात तर निम्मी मुलं क्लासला जातात, मार्क क्लासचे आणि फ्लेक्स शाळेचा :)

जुना_सभासद:
२०१९ आठवतंय का, भाषांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० वर. पुढच्या वर्षी मार्क परत आले तर ९५.३० (करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झालेला, ते वेगळं). शिक्षक तेच, शाळा त्याच.

मयुरा_पुणे:
दोन्हीकडे जाऊन आले. ८४ वाल्या शाळेत मुख्याध्यापिकांनी रजिस्टरच उघडून दाखवलं, नववीत ७१ होते, दहावीला ६९ बसले, दोघांची बदलीमुळे गावं बदलली. १०० वाल्या शाळेत ऑफिसमधले काका म्हणाले, तुम्हाला कशाला हव्यात चौकश्या, अ‍ॅडमिशन घ्यायचीय की नाही? ८४ वालीचा फॉर्म आणलाय, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.